खेळण्यातली मोटर आणि सुताराचं ड्रिल

कॉर्डलेस ड्रिल आता सुतारापासून एसी बसवणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या पिशवीत असतं. तेच ते, पिस्तुलासारखं, भोकं पाडायचं आणि स्क्रू पिळायचं बॅटरीवालं मशीन. त्याची बॅटरी मेली की नवी आणायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मोटर जळाली तर? बहुतेक जण मशीन भंगारात टाकतात. काही थोडे (म्हणजे माझ्यासारखे, ज्यांना शनिवारी दुसरं काम नसतं) स्क्रू काढून आत बघतात. आत एक पत्र्याची गोल डबी असते. तिच्यावर ड्रिलच्या कंपनीचं नाव बऱ्याचदा नसतंच. असतो तो एक लांबलचक नंबर.

हा नंबर कुठून आला, आणि तो वाचता आला तर दुसरी मोटर मिळते का, या दोन प्रश्नांमागे लागलो आणि बराच लांब गेलो. सॉफ्टवेअरवाल्याने मोटरींवर का लिहावं, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं, की ही गोष्ट मोटरीपेक्षा इंटरफेसची जास्त आहे, आणि इंटरफेस बिघडवणं हा तर आमचा रोजचा धंदा आहे. :-)

सुरुवात वायरवाल्या ड्रिलपासून करू. हातात धरता येईल असं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवलं. पण आज आपण ज्याला ड्रिल म्हणतो तो आकार अमेरिकेतला. १९१० साली बाल्टिमोरमध्ये डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर या दोघांनी छोटं मशीन शॉप काढलं. ब्लॅकने त्यासाठी आपली मोटारगाडी ६०० डॉलरला विकली होती. १९१७ साली त्यांना पिस्तुलाची मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. शंभरहून अधिक वर्षं झाली, मूठ आणि खटका तिथेच आहेत.

या मशीनमध्ये असते ती युनिव्हर्सल मोटर. मधे फिरणारं आर्मेचर, बाजूने फील्ड कॉइल, आणि आर्मेचरला वीज पोचवणारे दोन कार्बन. फिरतं तेही तांब्याची तार आणि थांबलेलं तेही तांब्याची तार. म्हणजे जळालं तर तार बदलायची, कार्बन झिजले तर कार्बन बदलायचे. इथे ‘मोटर बदलणे’ असा प्रकारच नव्हता. मोटर म्हणजेच मशीन होतं, आणि मशीन आतून दुरुस्त होत होतं.

आपल्याकडे हे चांगलंच रुजलं. मुलुंडची रॅली वुल्फ जुन्या फिटर मंडळींना आठवत असेल. आणि नृसिंहवाडीला जाताना जे शिरोळ लागतं, ऊस आणि पुराच्या बातम्यांमुळे माहीत असलेलं, तिथे १९७६ साली स्थापन झालेल्या कंपनीचा पॉवर टूल्सचा कारखाना आहे. ती कंपनी काही काळ चक्क ‘कुलकर्णी ब्लॅक अँड डेकर’ या नावाने चालत होती. बाल्टिमोर आणि कोल्हापूर जिल्हा एकाच पाटीवर! या मशिनींच्या मागोमाग प्रत्येक तालुक्याच्या गावात रिवाइंडिंगची दुकानं होतीच. पंपाच्या मोटरी भरणारा माणूस ड्रिल आणि ग्राइंडरचं आर्मेचरही भरून द्यायचा. त्याला कंपनीच्या परवानगीची गरज नव्हती. तारेचा गेज आणि वेढे मोजले की झालं.

आता वायर कापू या.

१९६१ साली ब्लॅक अँड डेकरनेच पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं. आत निकेल-कॅडमियमचे सेल, व्होल्टेज ४.८. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे यात चार सेल. ही १.२ ची पटी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. एवढ्याशा विजेवर चालवायचं तर उधळपट्टी परवडत नाही. युनिव्हर्सल मोटरीत चुंबकीय क्षेत्र तयार करण्यासाठीसुद्धा वीज खर्च होते. म्हणून फील्ड कॉइलच्या जागी कायमचं चुंबक येणं अटळ होतं. चुंबक फुकट काम करतं.

इथे एक लोकप्रिय गैरसमज आहे, की कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं. तसं नाही. क्रम उलटा आहे. ड्रिल आधी बाजारात आलं आणि नंतर मार्टिन मॅरिएटा कंपनीमार्फत नासाचं काम ब्लॅक अँड डेकरकडे गेलं. आधी जेमिनीसाठी एक खास पाना, मग अपोलोसाठी चंद्रावर भोकं पाडायचं ड्रिल. त्या ड्रिलसाठी मोटर कमीत कमी विजेत जास्तीत जास्त काम कशी करेल, हे काढायला कंपनीने एक संगणक प्रोग्राम वापरला, आणि पुढे १९७९ मध्ये आलेल्या डस्टबस्टर या हातातल्या व्हॅक्युम क्लीनरलाही त्या अनुभवाचा उपयोग झाला. म्हणजे चंद्रावरून आपल्याकडे आलं ते मोटरीचं गणित.

आणि चंद्रावर झालं काय? १९७१ साली अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉट भोक पाडायला लागले, तर ड्रिल ठरलेल्या खोलीपर्यंत जाईना. मोटर ठीक होती. अडचण दांड्यांच्या जोडावर होती. एकमेकांत बसणाऱ्या पोकळ दांड्यांवर माती वर आणणारी जी नागमोडी खाच होती, ती जोडापाशी नीट सलग नव्हती. तिथे माती दाटून बसली. अपोलो १६ साठी त्या दांड्यांची रचना बदलली. एवढं गणित करून गेलेलं यंत्र अडलं ते दोन तुकडे जिथे जुळतात तिथे. हे वाक्य मी माझ्या टीमच्या फळ्यावर लिहायला हवं. असो.

आता त्या पत्र्याच्या डबीकडे येऊ, कारण तिचा वंश ड्रिलवाल्यांचा नाहीच. तो खेळण्यांचा आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतर १९४६ साली जपानमध्ये ताकामात्सु इथे केनिची माबुची यांनी नालाच्या आकाराचं चुंबक वापरून एक छोटी मोटर बनवली. १९५४ साली त्यांची कंपनी टोकियोत उभी राहिली आणि जपानी खेळण्यांमध्ये चावीच्या जागी मोटर आली. त्याच सुमारास, १९५९ साली, हाँगकाँगमध्ये वांग सेंग लियांग आणि त्यांच्या पत्नीने जॉन्सन इलेक्ट्रिक काढली. तीही खेळण्यांच्या मोटरींसाठीच. लहानपणी आपण जत्रेतल्या गाडीतून जी मोटर उचकटून काढायचो आणि पंख्याचं पातं लावायचो, ती या घराण्यातली.

खेळण्यांच्या धंद्यात एक भानगड असते. प्रत्येक कारखानदाराला आपल्या खेळण्याला फिट बसेल अशी वेगळी मोटर हवी, आणि सगळ्यांना ती नाताळच्या आधी हवी. म्हणजे काही महिने मरणाचं काम आणि बाकीचे महिने माशा मारणे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माबुचीने ठरवलं, की गिऱ्हाईक सांगेल ती मोटर बनवायची नाही. आपण मोजके साचे ठरवू आणि वर्षभर तेच बनवत राहू. ज्याला हवी त्याने आपलं खेळणं आमच्या मोटरीभोवती बनवावं. मोटर स्वस्त झाली, इतकी की बाहेरच्याने हट्ट सोडला.

हे वाचून माझ्यासारख्याला भरून येतं. मोटरीचा एपीआय कायम केला हो त्यांनी, आणि तोसुद्धा १९७१ च्या आसपास!

तो नंबर वाचता येतो असं मी वर म्हटलं, ते असं. एफए-१३० ही खेळण्यातली छोटी मोटर. तिच्या पूर्ण नावाच्या शेवटी २२७० असेल तर ०.२२ मिलिमीटर जाडीच्या तारेचे ७० वेढे. शेवटी १८१०० असेल तर ०.१८ च्या तारेचे १०० वेढे. बाहेरून डबी तीच, भोकं तीच, दांडा तोच. आत जाड तार आणि कमी वेढे म्हणजे वेगवान पण विजेला हावरी, बारीक तार आणि जास्त वेढे म्हणजे सावकाश पण काटकसरी. थोडक्यात काय, आडनाव म्हणजे इंटरफेस आणि शेवटचे आकडे म्हणजे आतली अंमलबजावणी.

याच पद्धतीत मोठी भावंडं आली. आरएस-५४०, आरएस-५५०, आरएस-७७५. तामियाची पहिली रिमोटवरची गाडी, १९७६ ची पोर्शे ९३४, ५४० मोटरीवर पळत होती. ५५० म्हणजे त्याच जाडीची, थोडी लांब मोटर. व्यास साधारण ३६ मिमी (वर लोखंडी कडं असेल तर ३८ च्या जवळपास), लांबी ५७, तोंडावरच्या दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर २५, आणि दांडा ३.१७५ मिमी. मेट्रिक जपानमध्ये हा विचित्र आकडा कुठून आला? एक अष्टमांश इंच! ७७५ त्याहून जाड, व्यास ४२ च्या पुढे, लांबी ६७ च्या आसपास, दांडा ५ मिमी. पुढे चीनमध्ये असंख्य कारखान्यांनी हीच मापं उचलली, आणि ‘५५०’ हे कंपनीचं मॉडेल न राहता मापाचंच नाव झालं. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.

दरम्यान मकिता. ही कंपनी १९१५ साली नागोयात सुरू झाली ती दिवे, मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर विकण्या-दुरुस्त करण्यासाठी. म्हणजे आज जगभर निळसर हिरवी मशीनं विकणाऱ्या कंपनीचं मूळ मोटर-दुरुस्तीच्या दुकानात आहे. १९७८ साली त्यांचं ६०१०डी हे ७.२ व्होल्टचं निकेल-कॅडमियम ड्रिल आलं. सहा सेल. मग सगळ्याच कंपन्यांची चढाओढ लागली. ९.६ (आठ सेल), १२ (दहा), १४.४ (बारा), १८ (पंधरा). दर पायरीला नवीन मोटर शोधायची गरज नव्हती. तीच ५५० ची डबी घ्या, आतले वेढे बदला, पुढे जा. जाहिरातीत नवं यंत्र, आत जुनी डबी.

मग जर मोटर इतकी सरसकट आहे, तर ती मिळायला एवढा त्रास का होतो?

हे मला नीट कळलं ते आमच्या ओळखीच्या एका सुतारकाकांमुळे. त्यांच्या १४.४ व्होल्टच्या ड्रिलची मोटर जळाली होती. सर्व्हिस सेंटरने त्यांना सांगितलं की सुटी मोटर येत नाही, मोटर आणि गिअरबॉक्स मिळून एकच पार्ट येतो, आणि त्याची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. काका म्हणाले, “अहो साहेब, चप्पलचा अंगठा तुटला तर कोण नवी चप्पल घेतं का?” नवं मशीन येईपर्यंत हाताने स्क्रू पिळायचे म्हणजे दिवसाचं काम अर्ध्यावर. त्यांच्यासाठी हा छंदाचा प्रश्न नव्हता, त्या आठवड्याच्या मजुरीचा होता.

आम्ही मशीन उघडलं. आत अगदी सरळसाधी ५५०. तपकीर गल्लीत त्या मापाची मोटर मागितली तर दुकानदाराने तीन प्रकारच्या काढून समोर ठेवल्या. पण एकही लागेना. कारण दांड्याच्या टोकाला ठोकून बसवलेलं एक इवलंसं चाक असतं, पिनियन. ड्रिलच्या गिअरबॉक्समध्ये तीन छोटी चाकं एका मधल्या चाकाभोवती फिरतात. मधलं चाक म्हणजे हे पिनियन. ते कधी ९ दातांचं, कधी १२, कधी १४, कधी १५. मोटर जगभर एक, पण दात प्रत्येक कंपनीचे आपापले. दुकानातल्या मोटरींचे दांडे नुसते गुळगुळीत होते.

म्हणून कुणाला अशी मोटर शोधायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी व्हर्निअर घेऊन डबीचा व्यास, लांबी, दांड्याची जाडी आणि स्क्रूंमधलं अंतर मोजा. हे जुळलं की घराणं कळलं. मग पिनियनचे दात मोजा आणि दातांच्या टोकांवरचा बाहेरचा व्यास घ्या. व्यासाला ‘दात अधिक दोन’ ने भागलं की दातांचं माप साधारण कळतं. ते आणि दातांची संख्या दोन्ही जुळायला हवीत. मग व्होल्टेज. १२ व्होल्टची मोटर १८ वर चालवली तर ती दीडपट वेगाने फिरेल आणि आपल्याला वाटेल वा! पण स्क्रू अडकून मोटर थांबली की करंटही दीडपट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने म्हणजे सव्वादोनपट. एका लांब स्क्रूत राख होते. उलट १८ ची मोटर १२ वर लावली तर ती नुसती आळशी होईल, मरणार नाही. शंका असेल तर चूक या बाजूला करावी. आणि पिनियन जुनंच वापरायचं तर छोटा पुलर घ्या. पकडीने ओढू नका, आणि नवीन दांड्यावर ठोकताना मागून दांड्यालाच आधार द्या, नाहीतर मागचं प्लास्टिकचं झाकण मागे सरकून कार्बनची जागा बिघडते.

काकांची मोटर शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. कुणाचं तरी त्याच दातांचं जुनं ड्रिल, बॅटरी पार मेलेली, मोटर ठणठणीत. हा योगायोग म्हणता येणार नाही. त्यामागेही इतिहास आहे. २००५ च्या सुमाराला मिलवॉकी, मकिता वगैरेंनी लिथियम-आयन बॅटरीची मशीनं आणली आणि निकेल-कॅडमियमचे दिवस भरले. युरोपीय संघाने तर कॅडमियमच्या विषारीपणामुळे पॉवर टूल्समधल्या या बॅटऱ्यांना दिलेली सवलत २०१६ च्या शेवटी संपवली. जगभर धडधाकट मोटरींची ड्रिलं केवळ बॅटरीअभावी अडगळीत गेली. मोटरींचा सगळ्यात चांगला साठा आज तिथेच आहे.

त्यातही १.२ ची पटी मदतीला येते. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा, बरोबर तिप्पट. म्हणून १४.४ (चार सेल) आणि १८ (पाच सेल) हे आकडे क्रांतीनंतरही टिकले, आणि ९.६ बिचारं मेलं. १२ ची पंचाईत झाली, तिथे तीन सेलचे १०.८ होतात. बाजारात त्यालाच ‘१२ व्होल्ट मॅक्स’ म्हणतात. तर १८ च्या जुन्या ड्रिलची कार्बनवाली मोटर १८ च्या नव्या कार्बनवाल्या ड्रिलला विद्युतदृष्ट्या चालते. पुन्हा अडतं ते दातांवरच.

यापुढची पिढी ब्रशलेस. मकिताचा ब्रशलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर २००९ चा, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सगळ्याच कंपन्या त्या रस्त्याने गेल्या. यात कार्बन नाहीत. चुंबक फिरतं, तार स्थिर असते, आणि कुठल्या वेढ्यात कधी वीज सोडायची हे एक छोटा सर्किट बोर्ड ठरवतो. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तम आहे. घर्षण कमी, ठिणग्या नाहीत, एका चार्जवर जास्त काम. मी स्वतः घेताना ब्रशलेसच घेईन. पण यात ‘५५०’ असं काही उरलेलं नाही. डबीच नाही. स्टेटर कंपनीच्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतो, रोटर वेगळा, बोर्ड वेगळा आणि त्यावरचा प्रोग्राम कंपनीचा. रिवाइंडिंगवाला वेढे मोजेलही, पण त्या प्रोग्रामला काय विचारणार?

म्हणजे शंभर वर्षांत तीन टप्पे झाले. आधी मोटर आतून दुरुस्त होत होती. मग ती आतून बंद झाली, पण बाहेरून इतकी सारखी झाली की अख्खी बदलता येऊ लागली. आता ती आतूनही बंद आणि बाहेरूनही वेगळी. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना आपण काहीतरी गमावलं, पण त्याच्या बदल्यात माबुचीसारख्यांच्या हिशेबीपणामुळे एक सामाईक माप मिळालं. तिसऱ्या टप्प्यात मिळालेली ताकद खरी आहे, पण सामाईक माप मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

कायदे याकडे हळूहळू वळतायत. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. तेव्हाच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल, अगदी वेल्डिंगची उपकरणंसुद्धा होती. ड्रिल नव्हतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली. कारागिराच्या हातातलं मशीन यात नेमकं कुठे बसतं, मला सांगता येणार नाही. ते ना घरगुती, ना शेतीचं. पण ज्याची मजुरी त्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी फ्रिजपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

माझी मागणी मात्र कायद्याएवढीही मोठी नाही. कंपन्यांनी आपली मोटर गुप्त ठेवावी, प्रोग्राम गुप्त ठेवावा. फक्त सुटी मोटर विकावी, आणि पिनियनला किती दात आहेत ते मशीनच्या कागदावर एका ओळीत छापावं. एवढ्यावर तपकीर गल्ली बाकीचं बघून घेईल.